न आलेल्या पार्सलचा हिशेब

गेल्या वर्षी आषाढात आमच्या वाडीतल्या एक काकी भर पावसात माझ्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या. मोबाईल पदराखाली झाकलेला. काकांचे गुडघे गेलेले, संडास घरामागे आणि अंगणात शेवाळ. म्हणून मुंबईतल्या मुलाने कमोडची खुर्ची ऑनलाइन मागवली होती. दोन हजार चारशे नव्याण्णव रुपये त्याने यूपीआयने आधीच भरले होते. मोबाईलवर ‘डिलिव्हर्ड’ असे दिसत होते. काकी म्हणाल्या, “पोचला म्हनतात, पन आमच्याकडं तर काय आलाच नाय. तुमी कागदपत्रातलं बगता ना, भाऊ?”

मी कागदपत्रातले बघतो ते जुनी खरेदीखते आणि गावच्या नोंदी. मी वकील नाही. कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. जे वाचले ते गरजेपोटी आणि आवडीने. पण काकी गेल्यावर एक प्रश्न डोक्यात राहिला. विकणारा म्हणतो पाठवले, घेणारा म्हणतो मिळाले नाही, मग मधल्या वाटेवरचा तोटा कुणाचा? उत्तर शोधताना दीडशे वर्षे मागे जावे लागले.

व्ही. पी.चा जमाना

दिवाळी अंकाच्या जुन्या वाचकांना व्ही. पी. हा शब्द सांगायला नको. ही व्हॅल्यू पेएबल पद्धत आपल्या टपाल खात्यात १८७७ साली आली. पुडके पोस्टमन घेऊन येई, किंमत दारात घेई आणि ती रक्कम पोस्ट विकणाऱ्याकडे पोचती करी. पुडके आलेच नाही तर घेणाऱ्याचा एक पैसाही जात नसे. वाटेवरची जोखीम विकणाऱ्याच्या माथी होती. न सोडवता परत गेलेल्या व्ही. पी.मुळे किती प्रकाशकांनी डोक्याला हात लावला असेल! घेणाऱ्यालाही एक धोका होताच. पैसे मोजल्याशिवाय पुडके उघडता येत नसे, त्यामुळे आत काय निघेल ते नशीब.

आज ज्याला आपण ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतो, ती याच व्ही. पी.ची नात. पण मोबाईलवरून आधी पैसे भरायची सवय लागली आणि जोखीम गुपचूप घेणाऱ्याकडे सरकली. माल हाती नाही आणि पैसेही हाती नाहीत, अशी अवस्था आपण स्वतःहून पत्करली.

कायदा कुणाच्या बाजूला होता, आहे

जुना कायदा घेणाऱ्याला फारसा धार्जिणा नव्हता. १९३० च्या माल विक्री कायद्यातले कलम ३९ सांगते की, घेणाऱ्याकडे पाठवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, की तो सकृद्दर्शनी घेणाऱ्यालाच दिला असे धरावे. टपालाचे तर विचारूच नका. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या कलम ६ ने टपालात वस्तू हरवली, चुकीच्या हाती गेली किंवा उशिरा पोचली, तरी सरकारला बहुतांशी जबाबदारीतून मोकळे ठेवले होते.

हे चित्र पालटायला ग्राहकांची चळवळ उभी राहावी लागली आणि तिचे एक मूळ महाराष्ट्रातच आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे स्वतंत्र नियम आले.

या नियमांतल्या तीन गोष्टी प्रत्येक घरात माहीत हव्यात. पहिली : प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. दुसरी : ज्या बाजारपेठेत अनेक विक्रेते माल विकतात, तिने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा, म्हणजे ती कुठवर आली ते पाहता येते. तिसरी : सांगितलेल्या तारखेपेक्षा माल उशिरा आला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. उशिरा आलेल्या मालाला हा नियम, तर मुळीच न आलेल्या मालाचे काय ते वेगळे सांगायला नको.

‘डिलिव्हर्ड’ म्हणजे काय

खरी अडचण पुराव्याची असते. ‘मिळाले नाही’ हे सिद्ध कसे करायचे? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुणाकडेच नसतो. तो घडली म्हणणाऱ्याने द्यायचा असतो. ‘डिलिव्हर्ड’ ही कुरियरने स्वतःच्या वहीत स्वतः केलेली नोंद आहे. तिच्यामागे सही, ओटीपी, फोटो किंवा जागेची नोंद, काहीतरी असायला हवे आणि ते मागायचा आपल्याला हक्क आहे.

काकींच्या मुलाने पहिली तक्रार केली तेव्हा ‘आमच्या नोंदीनुसार वस्तू पोचली आहे’ असे ठरावीक उत्तर आले. मग आम्ही मराठीत चारच ओळी लिहिल्या : वस्तू मिळालेली नाही. पोच कुणी घेतली त्याचे नाव, सही, ओटीपी किंवा फोटो द्यावा. तो नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. तक्रारीचा क्रमांक कळवावा. दोन दिवसांनी फोटो आला. त्यात एका दुकानाचे बंद शटर होते. काकींचे घर कौलारू, पुढे पडवी. शटर आमच्या वाडीत कुणाकडेच नाही.

पार्सल आणणाऱ्या पोरावर मी राग धरत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीचा रस्ता फुटतो तो आमचा हातखंबा तिठा. नकाशात तिठा सापडतो, वाड्या सापडत नाहीत. घराला नंबर नाही, पावसात फोन लागत नाही आणि त्याला दिवसाची पार्सले दिवसात संपवायची असतात. तिठ्यावरच्या दुकानांत आम्ही विचारून आलो. खुर्ची कुणी पाहिली नव्हती. तेव्हापासून वाडीत मी सगळ्यांना सांगतो की, पत्त्यात देऊळ, शाळा, पाणंद अशी खूण लिहा आणि जमेल तिथे पैसे दारात द्या.

पायऱ्या

आता क्रम सांगतो. आधी कागद जमवायचे : ऑर्डर क्रमांक, बिल, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक, कबूल केलेली तारीख आणि पडद्याचे फोटो. मग कंपनीच्या ॲपमधूनच तक्रार करायची. नुसत्या फोनवर विसंबू नये, कारण बोललेले हवेत जाते.

दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतही बोलता येते. ती न्यायालय नाही, हुकूम देत नाही, पण तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि त्यातून बरेचदा काम होते. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून रेंगाळू नये. पैसे कापले गेले पण दुकानदाराला पोचल्याची नोंदच झाली नाही, असा यूपीआय व्यवहार असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या आदेशानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. आपला आयोग रत्नागिरीत आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत दोन वर्षे. नव्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो वा गुरुग्रामची, आपण तिकडे जायचे नाही. पैसे मुलाने भरले म्हणून काकी परक्या ठरत नाहीत. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे.

एक खड्डा मात्र सांगायलाच हवा. काकींच्या मुलाने घाईत इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधला. पलीकडचा माणूस गोड बोलला आणि म्हणाला, पैसे परत पाठवतो, एक ॲप उतरवा आणि पिन टाका. मुलाला वेळीच शंका आली. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. कुणी फसलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. तिथे तासाचाही उशीर महागात पडतो.

आम्हाला आयोगापर्यंत जावे लागले नाही. शटरचा फोटो जोडून १९१५ वर तक्रार केली आणि पहिल्या तक्रारीपासून तेविसाव्या दिवशी पूर्ण रक्कम मुलाच्या खात्यात आली. तोवर वाडीतल्या सुताराने एका जुन्या लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून दिले होते. काका तीच वापरतात. परत आलेल्या पैशांतून मुलाने संडासाच्या वाटेवर फरशी घालून घेतली. काकींनी तक्रारीचे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फडताळात ठेवले आहेत. आता वाडीत कुणाचे पार्सल अडले की आधी ती पिशवी उघडते आणि मग माझ्या पडवीत माणूस येतो.