जर्मनीच्या ढगाळ आभाळाखाली सौरवीज परवडते का?

डिसेंबरात म्युनिकला साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, तरीही तिथल्या छपरांवर सौरपॅनेल सर्रास दिसतात. पुण्याहून तिकडे स्थायिक झालेल्यांना हा निव्वळ हौसेचा मामला वाटतो. हिशेब काय सांगतो?

गैरसमज : थंडीत पॅनेल चालत नाहीत.
वस्तुस्थिती : पॅनेलला उजेड लागतो, ऊब नव्हे. उलट पॅनेल २५ अंशांहून जास्त तापलं की दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटतं.

गैरसमज : तिथल्या उन्हात वीज ती किती होणार!
वस्तुस्थिती : एक किलोवॉटचा संच जर्मनीत वर्षाला ९०० ते १,००० युनिट देतो, पुण्यात साधारण १,४००. अडचण आहे ती ऋतूंची. वर्षभरातल्या उत्पादनाचा जेमतेम दोन-तीन टक्के वाटा डिसेंबरात मिळतो. घरगुती बॅटरी दुपारची वीज रात्री पुरवते, जूनची डिसेंबरात नाही.

गैरसमज : वीज ग्रिडला विकून पैसे सुटतात.
वस्तुस्थिती : २००० साली कायदा आला तेव्हा युनिटला सुमारे ५० सेंट मिळत. आता नव्या छोट्या संचाला ८ सेंटच्या आसपास मिळतात, आणि विकतची वीज मात्र ३५ सेंटच्या घरात. पाच किलोवॉटचा संच साडेआठ हजार युरोंना पडला आणि वर्षाला ४,७०० युनिट निघाले, असं धरू. त्यातली ३० टक्के वीज घरात वापरली, उरलेली विकली, तर मुद्दल वसूल व्हायला अकरा वर्षं लागतात. निम्मी घरात वापरली, तर साडेआठ. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात. मध्ये एखादा इन्व्हर्टर बदलावा लागतो, तेवढा खर्च धरून ठेवावा.

गैरसमज : भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे जमणार नाही.
वस्तुस्थिती : बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनेल आणि ८०० वॉटपर्यंतचा इन्व्हर्टर लावून प्लग थेट सॉकेटमध्ये घालता येतो. घरमालकाला विचारावं लागतं, पण २०२४ पासून त्याला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही.

म्हणजे परवडणं न परवडणं उन्हापेक्षा तुमच्या दिनक्रमावर ठरतं. वॉशिंग मशीन, डिशवॉशर दुपारी लावता येत असेल, गाडी दिवसा घरीच चार्ज होत असेल, तर संच लवकर फिटतो. छपरावर झाडाची सावली असेल आणि दिवसभर घराला कुलूप, तर घाई नको.