पाण्याच्या नमुन्यावरून माशांचा शोध

तलावात कोणते मासे आहेत हे जाणण्यास आजवर जाळे हेच मुख्य साधन होते. परंतु संख्येने थोडे असलेले व तळाच्या चिखलात दडणारे मासे जाळ्यातून हटकून निसटतात. यास्तव पाण्याचीच परीक्षा करून माशांचा पत्ता लावण्याची रीत शास्त्रज्ञांनी शोधून काढली आहे. पाण्याच्या नमुन्याने कोडे सुटल्याचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यास नवे नाही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे दाखविले होते.

माशाच्या अंगावरील बुळबुळीत द्रव व विष्ठा यांवाटे त्याच्या पेशी सतत पाण्यात मिसळत असतात. पेशीतील डीएनए या आनुवंशिक द्रव्याची रचना जातीपरत्वे निराळी असते. एक-दोन लिटर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळले म्हणजे हे द्रव्य गाळणीवर राहते. प्रयोगशाळेत त्याच्या असंख्य प्रती तयार करून त्या ज्ञात जातींशी ताडून पाहतात. जपानमधील ओकिनावा येथील मत्स्यालयात ही रीत समुद्री माशांवर कसोटीस लावण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात टाक्यांतील १८० जातींपैकी १६८ जाती केवळ पाण्यावरून ओळखता आल्या.

आपणांस हिचा खरा उपयोग आफ्रिकन मागूर माशाच्या बाबतीत आहे. या माशाच्या संवर्धनास केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली. तो अत्यंत खादाड असून इतर मासे व त्यांची पिल्ले फस्त करतो. खडकपूर्णा किंवा पेनटाकळीसारख्या जलाशयात रोहू-कटल्याची बोटुकली सोडणाऱ्या सहकारी संस्थेचा खर्च अशा वेळी पाण्यात जातो. मागूर वाढून जाळ्यात येईपर्यंत वाट पाहणे म्हणूनच परवडणारे नाही.

मात्र या परीक्षेवरून माशांची नेमकी संख्या, वय वा वजन कळत नाही. वाहत्या पाण्याबरोबर डीएनए वरच्या भागातूनही येतो. मेलेल्या माशाचा अंशही सापडतो. ऊन व उष्णता यांमुळे तो काही दिवसांतच नष्ट होतो. जाळ्याची जोड त्यामुळे सोडता येत नाही.

नमुना घेताना हातमोजे घालावेत. मासे हाताळलेल्या हातांनी बाटलीस स्पर्श करू नये. जाळे ओढण्यापूर्वी, निरनिराळ्या ठिकाणचे पाणी वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत भरावे व त्या बर्फात, अंधारात ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवाव्यात. प्रत्येक बाटलीवर ठिकाण, दिनांक व वेळ लिहावी.