पायथन काढायचा, पण कोणता?

‘उबुंटूवरून पायथन काढून टाकायचाय, कमांड सांग’ असं कुणी म्हणालं की मी आधी उलट विचारतो, कोणता? विचारणाऱ्याला वाटत असतं की आपल्या मशीनवर एकच पायथन आहे. पुष्कळदा दोन निघतात, कधी तीन-चारसुद्धा. त्यांतला एक उबुंटूने स्वतःच्या कामासाठी ठेवलेला असतो आणि बाकीचे आपण हौसेने आणलेले. आपण आणलेले खुशाल काढावेत. उबुंटूच्या पायथनला मात्र हात लावायचा नाही. नेमका तोच काढला जातो, कारण त्याचं नाव सगळ्यात साधं आहे: पायथन३.

(पुढे कमांड आणि फोल्डरांची नावं उच्चारानुसार दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकायची.)

उबुंटूला पायथन कशाला लागतो? अद्ययावत आवृत्त्या आल्याचं सांगणारा अपडेट मॅनेजर, फायरवॉल सांभाळणारा यूएफडब्ल्यू, बाहेरची भांडारं जोडणारी ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी, सुरक्षेचे बदल परस्पर बसवणारी अनअटेंडेड अपग्रेड, ही सगळी मंडळी पायथनमध्ये लिहिलेली आहेत. २२.०४ या आवृत्तीत तर टर्मिनलची खिडकी उघडणारी फाइलसुद्धा पायथनची स्क्रिप्ट आहे. त्यामुळे ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३’ म्हटलं, की ॲप्ट हा उबुंटूचा पॅकेज मॅनेजर पायथनवर अवलंबून असलेली पॅकेजंही काढायला घेतो. त्यांत डेस्कटॉप बांधून ठेवणारं ‘उबुंटू-डेस्कटॉप’ हे पॅकेजही येतं. ॲप्ट हे लपवत नाही. काय काय जाणार याची लांबलचक यादी दाखवतो आणि मग विचारतो, पुढे जाऊ का? त्या प्रश्नातला ‘वाय’ मोठ्या अक्षरात असतो, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी त्याचा अर्थ ‘हो’. एंटर दाबायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. ‘पायथन३’च्या पुढे तारांकन टाकणं तर याहून वाईट. त्या नावाने सुरू होणारी झाडून सगळी पॅकेजं त्यात ओढली जातात.

म्हणून आधी ओळखपरेड. ‘टाइप हायफन-ए पायथन३’ ही कमांड दिली की या नावाने मशीनवर कोण कोण हजर आहे ते क्रमाने दिसतं. ‘यूएसआर’ फोल्डरातल्या ‘बिन’मध्ये जो आहे तो उबुंटूचा. ‘यूएसआर’मधल्याच ‘लोकल’ फोल्डराच्या ‘बिन’मध्ये असेल तो सोर्समधून कंपाइल करून बसवलेला. आपल्या होम फोल्डरातल्या ‘.पायएन्व’मध्ये असेल तो पायएन्वने, म्हणजे पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने, आणलेला. ‘पायथन३.१२’ असं आवृत्तीसकट नाव देऊनही हीच कमांड चालवावी, कारण जास्तीचा पायथन अनेकदा त्याच नावाने राहतो. एखादी फाइल कोणत्या पॅकेजची याची शंका असेल तर ‘डीपीकेजी हायफन-मोठा एस’ लिहून पुढे तिचा पूर्ण पत्ता द्यायचा. पॅकेजचं नाव आलं तर ती ॲप्टच्या वहीत नोंदलेली आहे. ‘सापडलं नाही’ असं उत्तर आलं तर बहुधा ती कुणीतरी हाताने आणून ठेवलेली. जो ज्या वाटेने आला त्याच वाटेने त्याला बाहेर काढायचं, एवढंच या कामातलं सूत्र आहे.

सगळ्यात सोपी वाट ॲप्टची. समजा २२.०४ वर उबुंटूचा स्वतःचा ३.१० आहे आणि आपण ‘डेडस्नेक्स’ या भांडारातून ३.१२ आणला. तर काढताना ‘पायथन३.१२’ हे पूर्ण नाव द्यायचं, पण आधी ‘ॲप्ट हायफन-एस’ लावून रंगीत तालीम करायची. या तालमीत काहीच पुसलं जात नाही, नुसती यादी येते. यादीत सगळीकडे ३.१२ दिसत असेल तर खरी कमांड द्यावी. ‘डेस्कटॉप’ किंवा ‘अपडेट’ असे शब्द दिसले तर तिथेच थांबावं. ‘रिमूव्ह’ प्रोग्रॅम काढतो पण ‘ईटीसी’तल्या त्याच्या सेटिंगच्या फाइली ठेवतो, ‘पर्ज’ त्याही काढतो. होम फोल्डराला दोघेही शिवत नाहीत. सोबत आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं ‘ऑटोरिमूव्ह’ झाडून काढतो. त्याचीही यादी वाचावी. शेवटी डेडस्नेक्सचं भांडार ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरीला ‘रिमूव्ह’चा पर्याय देऊन यादीतून उतरवावं.

सोर्समधून बसवलेला पायथन हा खरा चिवट पाहुणा. ‘मेक इन्स्टॉल’ म्हटलं की तो दिमाखात येतो, पण पायथनच्या मेकफाइलमध्ये ‘अनइन्स्टॉल’ नावाची सोयच नाही. ॲप्टच्या वहीत त्याची नोंद नसते, म्हणून ॲप्टला सांगूनही उपयोग नाही. हातानेच वेचावं लागतं. ३.११ काढायचा असेल तर ‘यूएसआर/लोकल’मध्ये ‘फाइंड’ कमांडने ३.११ असलेली सगळी नावं शोधावीत. ‘बिन’मध्ये पायथन३.११, पिप३.११, आयडल३.११, पायडॉक३.११ आणि कॉन्फिगची स्क्रिप्ट, ‘लिब’मध्ये पायथन३.११ हे मोठं फोल्डर, लिबपायथनची फाइल आणि पीकेजी-कॉन्फिगच्या नोंदी, ‘इन्क्लूड’मध्ये हेडर फाइलींचं फोल्डर, ‘शेअर’मध्ये मॅन्युअलचं पान. इतकं सापडतं. मग ‘बिन’मध्ये परत जाऊन आवृत्ती न लावलेली पायथन३, पिप३ अशी नावं बघावीत. पायथन३ ही बहुधा ३.११ कडे बोट दाखवणारी लिंक असते, पिप३ ही छोटी स्क्रिप्ट असते, आणि दोन्ही ‘फाइंड’च्या जाळ्यातून सुटतात. ‘एलएस हायफन-एल’ने लिंकचं बोट कुणाकडे आहे आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कोणता पायथन आहे ते पाहून मगच त्या पुसाव्यात.

इथे एक खोच आहे. ‘यूएसआर/लोकल/लिब’मध्ये ‘पायथन३.१०’ असं फोल्डर दिसलं म्हणून तो कंपाइल केलेलाच पायथन, असं धरून चालू नये. उबुंटूच्या पायथनवर कधी ‘सुडो पिप’ चालवलं असेल, तर त्या लायब्रऱ्याही तिथेच येऊन बसतात. फरक आतल्या फोल्डराच्या नावात असतो: उबुंटूच्या पायथनच्या लायब्रऱ्या ‘डिस्ट-पॅकेजेस’मध्ये, कंपाइल केलेल्याच्या ‘साइट-पॅकेजेस’मध्ये. आणि एकेक फाइल नजरेखालून घातल्याशिवाय ‘सुडो आरएम’सोबत तारांकन वापरू नका, इथे कचऱ्याची टोपली नाही.

पायएन्वचं काम त्यामानाने सरळ. एकच आवृत्ती नको असेल तर ‘पायएन्व अनइन्स्टॉल’ आणि तिचा क्रमांक. सगळंच नको असेल तर होममधलं ‘.पायएन्व’ फोल्डर पुसायचं आणि ‘.बॅशआरसी’, ‘.प्रोफाइल’ या फाइलींतल्या त्याच्या ओळी काढायच्या. त्या राहिल्या तर दर वेळी टर्मिनल उघडलं की ‘पायएन्व सापडत नाही’ अशी कुरकुर ऐकावी लागते.

काढून झालं, तरी थोडी झाडलोट उरते. होम फोल्डरातल्या ‘.लोकल/लिब’मध्ये त्या आवृत्तीसाठी बसवलेल्या लायब्रऱ्या, ‘.लोकल/बिन’मधल्या त्यांच्या स्क्रिप्ट, ‘.कॅश/पिप’मधला साठा. ‘.कॅश/पिप’ निर्धास्त पुसा. जुन्या प्रोजेक्टांतले व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मात्र मोडतील, कारण त्यांतला पायथन म्हणजे बहुधा मूळ पायथनकडे जाणारी लिंक असते. ते दुरुस्त करत बसू नये, दुसऱ्या आवृत्तीवर नव्याने बांधावेत.

सगळं नीट करूनही ‘पायथन३’ टंकल्यावर ‘यूएसआर/लोकल/बिनमध्ये अशी फाइल नाही’ असं उत्तर आलं, तर घाबरून जाऊ नका. उबुंटूचा पायथन जागेवरच आहे. बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो आणि जुन्याच दारावर थाप मारतो. ‘हॅश हायफन-आर’ म्हटलं की तो पत्ते विसरतो आणि नव्याने शोधतो.

आणि पाणी डोक्यावरून गेलंच असेल, म्हणजे उबुंटूचाच पायथन उडाला असेल, तर? डेस्कटॉप दिसत नसला तरी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करता येतं. ‘व्हीएआर/लॉग/ॲप्ट’मधली ‘हिस्टरी.लॉग’ ही फाइल उघडा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कमांडने कोणकोणती पॅकेजं गेली, ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. ॲप्ट स्वतः सी++ मध्ये लिहिलेला असल्याने तो या धामधुमीतही शाबूत असतो. इंटरनेट चालत असेल तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’ म्हणा, मग हिस्टरीतली उरलेली नावं एकेक बसवा आणि मशीन पुन्हा सुरू करा. डेस्कटॉप बसवताना ॲप्ट पुन्हा यादी दाखवेल. पायथन३ त्यात असेल.