नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

मागच्या महिन्यात आमच्या सणसवाडीच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटणार, तेवढ्यात एका ताईंनी पिशवीतून नवऱ्याचं पासबुक काढलं. नवरा जाऊन चार महिने झालेले. खातं लग्नाआधीचं, नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव घातलेलं, ते बदलायचं राहून गेलं. आता दीर म्हणतो, "दादानं माझं नाव लावलंय, म्हणजे पैसे माझे." ताईंनी विचारलं, "असं असतं का हो?" आम्हाला कुणालाच धड सांगता येईना. मग या शब्दाच्या मागेच लागलो.

आपल्या कंपन्यांत शिकाऊ पोराला ट्रेनी म्हणतात आणि शिकवणारा तो ट्रेनर. तसंच हे. नाव देणारा खातेदार, आणि ज्याचं नाव दिलं तो नॉमिनी. मूळ लॅटिन शब्द 'नोमेन', म्हणजे नाव. आपलं 'नाम' त्याच्याच भाऊबंदातलं. फॉर्मवर 'नामनिर्देशित व्यक्ती' असं छापतात, पण तो मराठी शब्द इंग्रजीपेक्षा जड! बोलताना आपण सरळ 'वारस लावला' म्हणतो, आणि घोळ तिथंच होतो.

निवडणुकीत नॉमिनेशन भरतात, तोही हाच शब्द. पण अर्ज भरला म्हणून कुणी सरपंच होत नाही. बँकेतही तसंच आहे. खातेदार गेल्यावर बँकेनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे, एवढंच त्या नावानं ठरतं. नॉमिनीनं ते वारसांसाठी सांभाळायचे असतात.

तुमच्या भिंतीवर कालनिर्णय असेल. ते सुरू करणारे जयंत साळगावकर 2013 साली गेले. त्यांच्या मागे म्युच्युअल फंडाच्या नॉमिनीवरून घरातला वाद कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयानं 2016 साली आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं, की नॉमिनी मालक होत नाही, वाटणी वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं होते. विम्याचं थोडं वेगळं आहे. 2015 च्या दुरुस्तीनुसार आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रकमेवर हक्कही त्यांचाच.

ताईंच्या घरी मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ताई, दोन मुलं आणि सासूबाई असे चार सारखे वाटे. हो, सासूबाईंचाही! ते ऐकून ताई जरा गप्प झाल्या, पण कायदा तसा आहे. दिराचा वाटा नाही. मात्र नॉमिनी तो असल्यानं बँक पैसे त्याच्याच हाती देणार. तो ऐकत नसेल, तर कोर्टाचा मनाई हुकूम आणावा लागतो. बँकेत नुसता अर्ज देऊन भागेलच असं नाही. ताई आता वकिलाकडे जाऊन आल्या आहेत.

ज्यांचे मालक कंपनीत आहेत त्यांनी पीएफचं नामांकन विचारा. लग्नाआधी केलेलं असेल तर ते नव्यानं करायला सांगा. सातबाऱ्याला नॉमिनी नसतो, तिथं तलाठ्याकडे वारसनोंद करावी लागते.

पुढच्या बैठकीला सगळ्यांनी आपापली आणि घरातली पासबुकं आणायची आहेत. नामांकन केलेलं असेल तर पासबुकावर तशी नोंद असते. नसेल तर बँकेतून फॉर्म आणू. आता चार नावंही देता येतात, कुणाला किती टक्के ते लिहून. सही करणारीला साक्षीदार लागत नाही, अंगठा उठवणारीला दोन लागतात. म्हणून बँकेत जाताना एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघींना सोबत घ्या.