हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक? टेलिमेट्रीची गोष्ट, वालचंदनगरहून

मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "दादा, तू मॉनिटरिंगचा कन्सल्टंट म्हणजे नेमकं करतोस काय?" घरच्यांनाही हा प्रश्न पडतोच. म्हणून आजचा अख्खा भाग त्यावर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

टेलिमेट्री म्हणजे काय?

शब्द ग्रीक आहे. टेले म्हणजे दूर, मेट्रॉन म्हणजे माप. लांबच्या वस्तूचं माप इथे बसून घ्यायचं, एवढंच.

आपल्या इंदापूर-बारामती भागात हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर असतो. रात्री थ्री फेज लाईट आली की घरून फोन लावायचा, मोटर चालू. विहिरीतलं पाणी तुटलं की स्टार्टर मोटर बंद करतो आणि मेसेज पाठवतो. आता सांगा, मेसेज आलाच नाही तर काय समजायचं? मोटर नीट चालू आहे? लाईट गेली? की विहिरीपाशी रेंजच नाही? माझे चुलते अशा वेळी बॅटरी घेऊन सरळ विहिरीवर जातात. मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक, असं ते कधीच धरत नाहीत.

माझ्या कामाचं सार हेच आहे. फक्त विहिरीच्या जागी सर्व्हर असतो.

तीन प्रकारची माहिती

सर्व्हरकडून साधारण तीन गोष्टी येतात. पहिली मेट्रिक, म्हणजे आकडे: प्रोसेसरवर किती ताण, डिस्क किती भरली. दुसरी लॉग, म्हणजे प्रोग्रामची रोजनिशी: किती वाजता काय घडलं. तिसरी ट्रेस: तुम्ही ॲपमध्ये 'पैसे पाठवा' दाबलं की ती विनंती कुठून कुठे गेली आणि कुठे अडकली, तो माग.

हे गोळा करायची चांगली साधनं फुकट मिळतात. प्रोमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झालं. आकड्यांचे आलेख दाखवायला ग्राफाना. आणि २०१९ मध्ये दोन जुने प्रकल्प एकत्र होऊन ओपनटेलिमेट्री तयार झालं. साध्या लॅपटॉपवर तिन्ही चालतात.

मग कन्सल्टंट कशाला लागतो? कारण साधन आकडा देतं. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का, ते माणसाला ठरवावं लागतं.

सरासरी फसवते

समजा १०० जणांनी ॲप उघडलं. ९९ जणांना ०.२ सेकंदात उत्तर मिळालं, एकाला २० सेकंद थांबावं लागलं. सरासरी किती? जेमतेम ०.४ सेकंद. डॅशबोर्डवर सगळं झकास! पण तो शंभरावा माणूस ॲप काढून टाकतोय. म्हणून आम्ही सरासरीऐवजी विचारतो, "सगळ्यात मागे राहिलेल्या एक टक्का लोकांना किती वेळ लागला?"

मेलेला आकडा

आता खरा अनुभव. एका पतसंस्थेचं काम होतं, नाव सांगत नाही. उसाच्या बिलाचे पैसे खात्यावर पडायचा दिवस. सकाळपासून लोक रांगेत आणि व्यवहार होईनात. आयटीवाले मात्र ठामपणे सांगत होते, "सर्व्हर चालू आहे, डॅशबोर्ड बघा, हिरवा आहे!"

झालं होतं असं. सर्व्हरवरचा एक छोटा प्रोग्राम आकडे एका मधल्या पेटीत टाकायचा आणि डॅशबोर्ड त्या पेटीतून वाचायचा. डिस्क काठोकाठ भरली, तसा तो प्रोग्रामही बंद पडला. पेटीत मात्र शेवटचा चांगला आकडा तसाच राहिला. डॅशबोर्ड रात्रभर तोच दाखवत होता. रांगेत उभ्या बाईला मुलाची फी भरायची होती, आणि काउंटरवरून उत्तर मिळत होतं की सिस्टिम ठीक आहे.

उपाय अवघड नव्हता. आम्ही प्रत्येक आकड्यासोबत त्याचं वय दाखवायला लागलो. आकडा पाच मिनिटांहून जुना झाला की दिवा करडा. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड, करडा म्हणजे 'माहीत नाही'. हा तिसरा रंग बहुतेक ठिकाणी नसतोच.

उलटंही होतं: रॉकेट ठीक, सेन्सर बाद

वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेट मोटरची पोलादी कवचं बनतात, त्यामुळे उड्डाण असलं की आमच्या गावाचं लक्ष श्रीहरिकोट्याकडे. पण आजची गोष्ट एका वेगळ्या, छोट्या रॉकेटची आहे: एसएसएलव्ही. त्याचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ ला झालं.

तिन्ही घन इंधनाचे टप्पे व्यवस्थित जळले. पण दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराची कंपनं झाली. वेग मोजणाऱ्या यंत्रणेचे ॲक्सेलरोमीटर तेवढ्यापुरते गांगरले. सॉफ्टवेअरने लगेच निकाल दिला: सेन्सर बिघडले. रॉकेट आणीबाणीच्या पद्धतीवर गेलं आणि उपग्रह ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत सुटले. एवढ्या खाली हवेचं घर्षण उपग्रहाला टिकू देत नाही. शाळकरी मुलींनी घडवलेला आझादीसॅटही त्यात गेला.

इस्रोने मग टप्पा सोडायची यंत्रणा बदलून धक्का कमी केला आणि सेन्सरला बाद ठरवायचे नियमही सुधारले. १० फेब्रुवारी २०२३ चं दुसरं उड्डाण यशस्वी झालं.

बघा, पतसंस्थेत सर्व्हर मेलेला आणि आकडा ठणठणीत. इथे रॉकेट ठणठणीत आणि सेन्सर बाद. दोन्हीकडे प्रश्न एकच: बिघाड वस्तूत आहे की मापात?

या क्षेत्रात यायचंय?

लिनक्स आणि नेटवर्किंगची पायाभूत माहिती घ्या, थोडं पायथन शिका. घरच्या लॅपटॉपवर प्रोमिथियस आणि ग्राफाना बसवा. मग मुद्दाम आकडे पाठवणारा प्रोग्राम बंद करा आणि डॅशबोर्ड काय दाखवतो ते बघा. मुलाखतीत हा प्रयोग सांगता आला तर सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोग होईल.

आणि कुठलाही अलर्ट लावण्याआधी विचारा: हा रात्री दोनला वाजला तर उठून कुणी काय करायचं? उत्तर नसेल तर तो अलर्ट नको. उगाच वाजणाऱ्या अलर्टची सवय झाली की खरा वाजतो तेव्हाही माणूस कूस बदलून झोपतो.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या कामात असा 'मेलेला आकडा' कधी सापडलाय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!