डेबियनवाले एवढे भांडतात कशावरून?

डेबियनबद्दल एक शेरा हमखास ऐकू येतो: ही मंडळी कामापेक्षा भांडतात जास्त. भांडतात हे खरंच. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला हा लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प स्वयंसेवकांवर चालतो, उबुंटूसारख्या सिस्टिम त्याच्याच पायावर उभ्या आहेत, आणि तिथे पॅकेजच्या नियमांवरून महिनोन्‌महिने खल चालतो. पण तो कशासाठी, याबद्दल बाहेर भलत्याच समजुती आहेत.

सगळ्यात पक्की समजूत अशी की पॅकेजिंग म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम फक्त बांधून देणं, त्याला कसले आलेत नियम? प्रत्यक्षात फायली कुठे ठेवायच्या, तुम्ही स्वतः बदललेलं सेटिंग अपग्रेडमध्ये कसं टिकवायचं, कोणतं पॅकेज कशावर अवलंबून आहे, हे सगळं त्या पॅकेजची जबाबदारी घेतलेला मेंटेनरच ठरवतो. गरज पडली तर तो मूळ कोडही बदलतो. हे किती जोखमीचं असतं ते ओपनएसएसएल या सांकेतीकरणाच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात दिसलं. २००६मध्ये तपासणीचं एक साधन कुरकुरत होतं म्हणून त्यातल्या काही ओळी डेबियनमध्ये काढल्या गेल्या. त्याबरोबर गुप्त किल्ल्यांमधला यादृच्छिकपणा जवळजवळ संपला. मे २००८मध्ये ते उघडकीला आलं, तोवर डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या असंख्य किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या ठरल्या होत्या.

प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररीची प्रत त्याच्या पोटातच ठेवू नये, हा नियम अनेकांना निव्वळ सोवळेपणा वाटतो. सोबत दिली तर बिघडलं काय? २००२मध्ये झेडलिब या लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली, तेव्हा काय बिघडतं ते कळलं. झेडलिब दुरुस्त करणं सोपं होतं. पण कितीतरी प्रोग्रॅमांनी तिची प्रत स्वतःच्या कोडमध्ये उतरवून घेतली होती, आणि अशी प्रत कुठे कुठे दडली आहे हे आधी शोधावं लागलं. एकच सामाईक लायब्ररी असेल तर ती एकदा बदलली की भागतं.

तरीही डेबियनच्या नियमपुस्तकात हे ‘करू नये’ एवढ्याच सुरात आहे, ‘करताच कामा नये’ अशा सुरात नाही. हा फरक मुद्दाम केलेला आहे. सक्तीचा नियम मोडला तर पॅकेज पुढच्या आवृत्तीतून वगळलं जाऊ शकतं, शिफारस मोडली तर सहसा तेवढी शिक्षा होत नाही. गो भाषेतल्या कुबरनेटिससारख्या प्रकल्पाबरोबर लायब्रऱ्यांचा ढीगच येतो. प्रत्येकीचं वेगळं पॅकेज करून ते सांभाळायचं कोणी? म्हणून मेंटेनरने त्या कुबरनेटिसच्या पॅकेजमध्येच ठेवल्या. २०२०मध्ये यावरून तक्रार तांत्रिक वादांचा निवाडा करणाऱ्या डेबियनच्या तांत्रिक समितीकडे गेली. समितीने मेंटेनरचा निर्णय उलटवला नाही, आणि मला ते योग्य वाटतं. शिवाय गोचे प्रोग्रॅम लायब्ररी आत ओढूनच तयार होतात. लायब्ररीचं पॅकेज वेगळं ठेवलं तरी ती दुरुस्त झाल्यावर त्यावरचे सगळे प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागतातच.

हे नियम वरून कोणी लादत असेल, असंही पुष्कळांना वाटतं. तिथलं नियमपुस्तक स्वतःच एक पॅकेज आहे. नियम बदलायचा तर त्या पॅकेजवर बग नोंदवायचा, चर्चा करायची, इतर डेव्हलपरांचं अनुमोदन मिळवायचं. बहुतेक नियम आधी व्यवहारात रुळतात आणि मग पुस्तकात येतात. प्रकल्पप्रमुख दरवर्षी निवडला जातो, पण अमुक काम कर म्हणून तो कोणालाही फर्मावू शकत नाही. मेंटेनरचा निर्णय फिरवायला तांत्रिक समितीतही तिनास एक असं बहुमत लागतं.

मतदानही साध्या हो-नाहीचं नसतं. मतदार पर्यायांना पसंतीक्रम देतात आणि प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडीने तुलना होते. संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या सिस्टिमडी या प्रणालीच्या वादात फेब्रुवारी २०१४मध्ये तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी या कामासाठीची मूळ निवड ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सगळ्या डेव्हलपरांचं मतदान झालं. जिंकला कोणता पर्याय? या विषयावर ठरावाची गरजच नाही, असं म्हणणारा!

राहता राहिला तत्त्वांचा कर्मठपणा. मुक्त नसलेलं काहीही डेबियन कधीच स्वीकारणार नाही, असं अजूनही बोललं जातं. अनेक वायफाय चिप चालायला बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं, आणि ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसल्यामुळे पुष्कळ नव्या लॅपटॉपवर इंटरनेटच मिळत नसे. फर्मवेअर घातलेली अनधिकृत प्रत वेगळी मिळायची, पण ती नवख्याला सापडायची कशी? २०२२मध्ये मतदान झालं. मुक्त सॉफ्टवेअरची बांधिलकी सांगणारा डेबियनचा १९९७पासूनचा सामाजिक करार बदलायला तिनास एक बहुमत हवं होतं, आणि ते मिळालं. जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२च्या इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर आहे, पॅकेजसंग्रहात त्याचा विभाग वेगळा काढला आहे, आणि ज्याला ते नकोच असेल त्याला इन्स्टॉलर सुरू करतानाच बंद करता येतं.