परदेशांतील विवाह आणि वर्ध्यांतील संसार

मुलगा शिक्षणासाठीं परदेशीं जातो, तेथेंच मन जुळतें, आणि एके दिवशीं घरीं निरोप येतो कीं विवाह तिकडेच, चर्चमध्यें होणार आहे. असा निरोप आला कीं सुशिक्षित घरांतही दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न वडील उघडपणें विचारतात: हा विवाह आपल्या देशांत कायदेशीर मानला जाईल काय? दुसरा प्रश्न आईच्या मनांतल्या मनांत असतो: भाषा निराळी, अन्न निराळें, देव निराळा, हीं दोघें संसार करणार तरी कसा? पहिल्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत सांपडतें. दुसऱ्याचें उत्तर माणसांच्या आयुष्यांतच शोधावें लागतें. आणि त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. वर्धा शहराजवळच्या सेवाग्रामांत असा एक संसार घडून गेला आहे.

ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे सिलोनांतील जाफना भागांतले तमिळ ख्रिस्ती गृहस्थ. परदेशांत शिक्षण घेऊन ते शांतिनिकेतनांत आले आणि रवींद्रनाथांचे चिटणीस झाले. १९३० सालीं रवींद्रनाथ रशियाला गेले, तेव्हां बरोबरच्या मंडळींत आर्यनायकम् होते. आशादेवी अधिकारी या तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक फणिभूषण अधिकारी यांच्या कन्या. त्यांचा जन्म लाहोरचा, वाढ काशीची आणि मातृभाषा बंगाली. एम्. ए. झाल्यावर काशींत अध्यापन करून त्या शांतिनिकेतनांत मुलींची व्यवस्था पाहण्यास आल्या. तेथेंच दोघांची ओळख झाली आणि तेथेंच विवाह. म्हणजे वराच्या दृष्टीनें हा विवाह परदेशांतलाच होता. आणि ज्या गांवीं दोघांचा संसार उभा राहिला, तें वर्धा तर दोघांनाही परकें होतें.

त्या काळीं दोन धर्मांच्या वधूवरांपुढें कायद्याचीं दारें थोडीं होतीं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणें दोघांपैकीं एक जरी ख्रिस्ती असला तरी विवाह लागूं शकत असे. त्याच सालचा विशेष विवाह कायदा नोंदणीविवाहाची सोय करी. पण त्यांत एक कठीण अट होती. आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदु, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकीं कोणत्याच धर्माचे नाहीं, असें दोघांनीं लिहून द्यावें लागे. १९२३ च्या दुरुस्तीनें हिंदु, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांतील विवाहापुरती या अटींतून सूट मिळाली; हिंदु व ख्रिस्ती यांच्या विवाहाला मात्र ती मिळाली नाहीं. ही अडचण १९५४ च्या नव्या विशेष विवाह कायद्यानें दूर झाली. तो १ जानेवारी १९५५ पासून अमलांत आहे, आणि त्याखालीं कोणींही आपला धर्म न सोडतां दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीशीं विवाह करूं शकतो. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते; दोघांपैकीं एकाचें त्या जिल्ह्यांत निदान तीस दिवस वास्तव्य झालेलें असावें लागतें; आणि नोटीस प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवस आक्षेपांसाठीं ठेवलेले असतात.

विवाह परदेशांत व्हावयाचा असेल तर १९६९ चा परदेशी विवाह कायदा लागूं पडतो. वधूवरांपैकीं निदान एक भारताचा नागरिक असला म्हणजे तेथील भारतीय वकिलातींत नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यापुढें विवाह करतां येतो. वराचें वय एकवीस व वधूचें अठरा पूर्ण असावें लागतें. त्या देशाच्या कायद्याप्रमाणें आधींच विवाह झाला असेल, तर त्याची नोंद याच अधिकाऱ्याकडे करून घेतां येते. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. विवाहाचा विधि ज्या देशांत होतो त्या देशाच्या कायद्याप्रमाणें तो पुरा झाला पाहिजे. आणि चर्चमधील विधि व सरकारी नोंद या सर्वत्र एकच गोष्टी नाहींत. इंग्लंडमध्यें अँग्लिकन चर्चमधला विवाह हाच कायद्याचा विवाह असतो. फ्रान्समध्यें मात्र आधीं नगरभवनांत सरकारी विवाह व्हावा लागतो. चर्चमधला विधि त्यानंतरचा. तेथें नुसत्या चर्चमधील आशीर्वादावर विसंबून राहणें म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें अविवाहित राहणेंच होय. हातीं येणाऱ्या दाखल्यावर त्या देशाचा अपोस्टिल शिक्का घेऊन ठेवावा. १९६१ च्या हेग करारांत भारत २००५ सालीं सामील झाला असल्यानें करारांतील देशांचा असा दाखला येथें सामान्यतः सरळ मान्य होतो.

हा कागद क्षुल्लक वाटतो, पण पुढचें पुष्कळ त्यावर अवलंबून असतें. परदेशी जोडीदाराला भारताचें प्रवासी नागरिकत्व मागावयाचें असेल, तर विवाहाची नोंद झालेली असावी लागते आणि विवाहाला सलग दोन वर्षें पुरीं व्हावीं लागतात. एकत्र कुटुंबांतील हिंदु व्यक्तीनें १९५४ च्या कायद्याखालीं ख्रिस्ती व्यक्तीशीं विवाह केला, तर ती कायद्यानें त्या एकत्र कुटुंबांतून विभक्त झालेली मानली जाते. अशा दांपत्याच्या मिळकतीचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें ठरतो. वडिलोपार्जित घर वा शेत असलेल्या कुटुंबानें ही गोष्ट लग्नानंतर नव्हे, लग्नाआधीं समजून घ्यावी.

कायद्याप्रमाणेंच चर्चचेही नियम असतात. कॅथॉलिक व्यक्तीचा विवाह बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशीं व्हावयाचा असेल, तर धर्माधिकाऱ्याची खास सूट लागते. मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथॉलिक पंथांत व्हावें यासाठीं आपण होईल तेवढा प्रयत्न करूं, असें वचन कॅथॉलिक पक्षाला द्यावें लागतें. दुसऱ्या पक्षाकडून तसें वचन घेत नाहींत. पण आपल्या जोडीदारानें काय वचन दिलें आहे, हें त्याला आधीं सांगावें लागतें. या नियमांत एक व्यावहारिक शहाणपणही आहे. मुलें कोणत्या धर्मांत वाढणार, हा प्रश्न पाळण्याच्या दिवशीं नव्हे, वाङ्निश्चयाच्या दिवशींच बोलून घ्यावा.

येथवर वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर झालें. आतां आईच्या प्रश्नाकडे वळावें.

आर्यनायकम् दांपत्य वर्ध्यास आलें तें जमनालाल बजाज यांच्या मारवाडी विद्यालयाच्या कामासाठीं; पुढें या शाळेचें नांव नवभारत विद्यालय असें झालें. त्या वेळीं वर्ध्यांतच मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा हे दुसरे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ ग्रामोद्योग संघाचें काम पाहात होते. त्यामुळें ख्रिस्ती माणूस येथें अगदींच एकाकी नव्हता. तरीही रोजचें जीवन नवें होतें. जाफना आणि बंगाल हे दोन्ही भाताचे मुलूख. वर्ध्याच्या काळ्या जमिनींत कापूस आणि ज्वारी पिकते, आणि खेड्यांतील ताटांत भाकर व तुरीचें वरण येतें. नवऱ्याची मायबोली तमिळ, बायकोची बंगाली, संस्थेची हिंदुस्तानी, आणि दाराशीं खेळणाऱ्या मुलांची मराठी. अशा घरांत एकानें आपलें सर्व राखावें व दुसऱ्यानें आपलें सर्व सोडावें, असें केल्यास संसार टिकत नाहीं. टिकलाच तर सुखाचा होत नाहीं.

या दोघांना मार्ग मिळाला तो कामांतून. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली. तींतून डॉ. झाकिर हुसेन यांची समिति आणि पुढें हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला. संघाचें काम आर्यनायकम् व आशादेवी या दोघांनीं सेवाग्रामांत राहून वाहिलें. सात वर्षांचें सक्तीचें मोफत शिक्षण, हस्तोद्योगांतून ज्ञान, आणि शिक्षण मातृभाषेंतून, हीं त्या योजनेचीं मुख्य सूत्रें. ज्या दोघांपैकीं एकाचीही मातृभाषा त्या गांवची नव्हती, त्यांनींच गांवच्या मुलाला त्याच्या मातृभाषेंत शिकवावें म्हणून आयुष्य वेंचलें! घरांत कोणाची भाषा वरचढ, हा वाद तेथें उरणारच कसा? दोघांनींही शेजारच्या मुलाची भाषा मोठी मानली होती. धर्माचेंही तसेंच. आश्रमाच्या प्रार्थनेंत निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना एकापाठोपाठ म्हटल्या जात. कोणालाही आपली प्रार्थना दाराबाहेर ठेवून आंत यावें लागत नसे.

या संसारानें दुःखही पाहिलें. त्यांना दोन मुलें झालीं. त्यांतला मुलगा बालपणींच गेला. अशा वेळीं माहेर आणि सासर दोन्ही दूर असतात. सांत्वन करणारी माणसें रक्ताचीं नसतात, जोडलेलीं असतात. हें दांपत्य तेथून परत फिरलें नाहीं. गांवचीं मुलें हींच त्यांचीं मुलें झालीं. १९५४ सालीं आशादेवींना पद्मश्री मिळाली, ती याच सेवेची पावती होय.

तेव्हां परदेशांतून विवाहाचा निरोप आला असतां घरांतील वडील माणसांनीं दोन गोष्टी कराव्या. कागद पुरे आहेत कीं नाहींत, हें बारकाईनें विचारावें. त्यांत संकोच धरूं नये. आणि दोघांची समान अशी एखादी निष्ठा आहे काय, हें प्रेमानें पाहावें. सून वा जांवई आपल्यासारखे व्हावेत असा आग्रह धरण्यापेक्षां, दोघांनाही उभें राहतां येईल अशी तिसरी जागा त्यांना शोधूं द्यावी. सेवाग्रामच्या त्या घराला ती जागा खेड्यांतल्या एका शाळेंत सांपडली.